तात्यासाहेबांची पांढरी भुवई

१

रविवारी सकाळी आंघोळ आटोपली की पद्माकर डोक्याला टोपी घालून दांडिया बाजाराकडे निघायचा. वाटेत रावपुऱ्यात लीला चिवडा, म्हणजे बडोद्याचा तो ओलसर हिरवट चिवडा, घ्यायचा, पुडा काखेत मारायचा आणि तात्यासाहेबांच्या माडीवर जाऊन बसायचा. "लोक रविवारी देवळात जातात, तुम्ही चिवडा घेऊन कुठे जाता ते मला ठाऊक आहे," असं त्याची बायको विमला म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. चित्रकलेचा हात त्याने घोटला तो कलाभवनाच्या शाळेत. पण माणसाच्या नाकाकडे बघून येणारं हसू दाबायचं कसं, आणि तेच हसू कागदावर उतरवायचं कसं, हे त्याला तात्यासाहेबांच्या माडीवर कळलं. आज स्वतःचे केस पिकायला लागले तरी तो तिथे जाताना विद्यार्थ्यासारखा जायचा.

तात्यासाहेब शिलेदारांच्या घराण्यातले. पणजोबांनी घोडा उडवला, आजोबांनी भिंतीवरची तलवार पुसली आणि यांनी पेन्सिल उचलली, तीही डाव्या हातात. लहानपणी सावली गावच्या शाळेत पंतोजींनी तो हात बांधून ठेवला होता. काही उपयोग झाला नाही. जेवायला उजवा, नमस्काराला दोन्ही आणि चित्राला डावा, अशी त्यांनी वाटणीच करून टाकली होती. भुवईचंही तेच. उजवी काळीभोर आणि डावी जन्मापासून पांढरीशुभ्र. "आपल्याला बडोद्यात ओळखायला नाव लागत नाही," असं ते ऐटीत सांगायचे.

खिडकीशी एक बाक होता. त्यावर बसून दोघे रस्त्यावरून जाणाऱ्यांची तोंडं बघायचे. हा मानकरी पोटावरून चालतो, तो वकील हनुवटीवरून बोलतो, अशी टवाळी चालायची. मग तात्यासाहेब चिवड्याचा बकाणा भरून म्हणायचे, "चेहरा म्हणजे काय रे पद्म्या? देवानं घाईत काढलेलं कच्चं चित्र. पक्कं आपण करायचं." ते रविवार फार सुखाचे होते. तेव्हा ते कळत नव्हतं इतकंच.

महाराजांच्या कारकिर्दीचा सुवर्णमहोत्सव झाला, शहरभर रोषणाई झाली, आणि त्याच वर्षी भाद्रपदात तात्यासाहेब झोपेतच गेले. पद्माकर मात्र रविवारी चिवडा घेऊन जातच राहिला. माडीवर आता त्यांच्या पत्नी इंदिराकाकू एकट्या असायच्या. मूलबाळ नव्हतं. पुडा तसाच बांधलेला राहायचा, चहा तसाच निवायचा. एका रविवारी काकू भिंतीकडे बघत म्हणाल्या, "पद्माकर, कुणाला सांगू नकोस. त्यांचा चेहरा माझ्या हातून निसटत चाललाय. फोटोसमोर उभी राहते तोवर दिसतो. वळले की गेला. सगळा जन्म गेला रे त्या माणसासमोर, आणि आता तोंड आठवेना!"

पद्माकरने तिथल्या तिथे शब्द दिला. "काकू, मी आणून देतो तुम्हाला त्यांचा चेहरा. दिवाळीच्या आत."

२

पद्माकर ज्यात चित्रं काढायचा त्या साप्ताहिक 'फुलबाजी'चे संपादक श्रीपतराव यांनाही तेच हवं होतं. दिवाळी अंकात तात्यासाहेबांना आदरांजली म्हणून पानभर चित्र. "पण रडकं नको हं, पद्माकरराव. त्यांनी जन्मभर लोकांची डोकी फुगवली. आता तुम्ही त्यांचं फुगवा. एका व्यंगचित्रकाराला दुसरा आणखी काय देणार?"

'फुलबाजी'ची चित्रं शिळाप्रेसवर छापली जात. गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, त्यावर शाई फिरवायची आणि कागद दाबायचा. म्हणजे दगडावर डावीकडे काढलेलं कागदावर उजवीकडे उमटणार. म्हणून दगडावर सगळं उलटं काढायचं, आणि शेजारी आरसा ठेवून ते सुलटं कसं दिसेल ते बघत राहायचं. पद्माकरच्या हातात हे इतकं मुरलं होतं की घरी पोस्टकार्डावर सही करतानाही त्याचा हात क्षणभर अडायचा.

त्या दुपारी त्याने छापखान्यातल्या आपल्या खोलीत दगड समोर घेतला. एवढंसं धड आणि त्यावर भोपळ्याएवढं डोकं, डोक्यावर पगडी. उंच खुर्ची, आणि खुर्चीवरून लोंबकळणारे, जमिनीला न टेकणारे इवलेसे पाय, पायांत चोचीचे जोडे. हातात पेन्सिल. आणि ती भुवई, पिंजलेल्या कापसाचा गोळाच जणू. रेघ नुसती वाहत होती. तो हसत होता आणि रडतही होता, डोळे सदऱ्याच्या बाहीला पुसत होता. इतकं सुरेख चित्र त्याने आयुष्यात काढलं नव्हतं. खाली सही करावी असं त्याला वाटलं नाही. गुरूच्या पायाशी आपलं नाव कसलं काढायचं! दगड त्याने यंत्रावरच्या जेठाभाईच्या हवाली केला, आणि नमुन्याचा कागद बघायलाही न थांबता घरी निघून गेला. पुन्हा त्या चेहऱ्याकडे बघण्याचं त्राण त्याच्यात नव्हतं.

आरशावरचं फडकं त्या दुपारी काढलंच गेलं नव्हतं.

३

अंक हातात आला आणि पद्माकरने आधी चित्राचं पान उघडलं. चित्रातल्या तात्यासाहेबांची उजवी भुवई पांढरी होती. पेन्सिल उजव्या हातात होती. त्याने दगडावर तात्यासाहेबांना जसेच्या तसे काढले होते, म्हणून कागदावर ते उलटे उमटले होते. कालच्या पोराने करावी अशी चूक, आणि ती गुरूच्याच चित्रात! सगळा अंक छापून गावात गेला होता.

तो धावत श्रीपतरावांकडे गेला. श्रीपतराव खुशीत होते. "अरे, वाहवा! सकाळपासून लोक येऊन सांगतायत. हुबेहूब!"

"श्रीपतराव, चूक झाली. भुवई उलटी पडली."

"कुठे?"

"उजवीकडे आलीय. डावी पांढरी होती त्यांची."

श्रीपतरावांनी चष्मा वर सरकवून चित्र बघितलं, मग पद्माकरकडे बघितलं. "तुम्ही दमलाय," ते मायेने म्हणाले. "उजवीच होती. माझ्यासमोर बसायचे की ते. चार दिवस आराम करा, आपलं काही अडत नाही."

पद्माकरला जरा बरंच वाटलं. लोक चेहऱ्याकडे बघतात कुठे? भुवई पांढरी, एवढंच लक्षात राहतं. डावी की उजवी, याची उठाठेव चित्रकारानेच करायची. त्याने मनाची अशी समजूत घातली आणि ती बऱ्यापैकी पटलीही.

४

काकूंची क्षमा मागितली पाहिजे होती. त्यांच्या नजरेतून ही चूक सुटणं शक्य नव्हतं.

तो माडीवर गेला तेव्हा काकू शेगडीशी बसून कसलंसं गाणं गुणगुणत होत्या. लुगडं धुवट होतं, केस नीट विंचरलेले होते. अंक त्यांच्या मांडीवर उघडा होता. "ये ये, बेस," त्या म्हणाल्या. "काय केलंस रे हे! अंक उघडला आणि समोर तेच. आता डोळ्यांपुढून हलत नाहीत. काम करताना दिसतात, बोलताना दिसतात. तुझे उपकार कसे फेडू?"

"काकू, मी चुकलोय. भुवई डावी पांढरी होती. माझ्याकडून उजवी झाली."

काकू हसल्या. "मला सांगतोस? मी संसार केला का तू? उजवीच पांढरी. तो बघ की फोटो."

पद्माकरने मान वळवली. तो फोटो त्याने शेकडो रविवारी बघितला होता. रावपुऱ्यातल्या फोटोवाल्याने काढलेला. तात्यासाहेब खुर्चीत बसलेले, डाव्या हातात कुंचला, डावी भुवई पांढरी. आता कुंचला उजव्या हातात होता. उजवी भुवई पांढरी होती.

तो उठून फोटोजवळ गेला. निगेटिव्हची काच उलटी लावून छापला असेल, आपण इतकी वर्षं नीट बघितलाच नसेल. पण मग सगळंच उलटं हवं होतं. खालच्या कोपऱ्यात फोटोवाल्याचं नाव सुलटं होतं. अंगरख्याचे बंद जिथल्या तिथे होते. कुंडी डावीकडे होती ती डावीकडेच होती. त्या फोटोत उलटा झाला होता तो फक्त माणूस.

"चहा घे," मागून काकू म्हणाल्या. त्यांनी तीन कप भरले होते. एक त्याच्यासमोर ठेवला, एक स्वतःसमोर, आणि तिसरा बशीने झाकून आतल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी ठेवला. पद्माकरने त्याबद्दल विचारलं नाही. दुःखातल्या बाईला काय विचारायचं?

५

घरी येऊन त्याने ट्रंकेतून तात्यासाहेबांची जुनी चित्रं काढली. डावऱ्या माणसाची छटेची रेघ ओळखू येते. उजव्या हाताने छटा भरताना रेघा एका बाजूला कलतात, डाव्याने दुसऱ्या. तात्यासाहेबांची चित्रं पद्माकर नुसत्या त्या कलण्यावरून दुरून ओळखायचा. आता ट्रंकेतल्या एकूण एक चित्रातल्या रेघा त्याच्या स्वतःच्या रेघांसारख्या कलल्या होत्या.

"विमल, तात्यासाहेब कुठल्या हातानं चित्र काढायचे?"

"हे काय विचारणं? सगळे काढतात त्याच हातानं."

"डावरे होते ते."

विमलाने पीठ मळता मळता त्याच्याकडे वळून बघितलं. तिच्या नजरेत थट्टा नव्हती, काळजी होती. "अहो, तुम्ही जेवून घ्या आधी," एवढंच ती म्हणाली.

तो विचार करत बसला. आयुष्यभर दगडावर उलटं काढणाऱ्याला शेवटी डावं-उजवं कळेनासं झालं, तर त्यात नवल ते काय? सगळं गाव एक म्हणतंय आणि मी एकटा दुसरं म्हणतोय. वेडा कोण, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

पण कोपर होतं ना. खिडकीतल्या बाकावर तात्यासाहेब नेहमी त्याच्या उजव्या हाताला बसायचे. त्यांचा हात डावा, याचा उजवा, म्हणजे चित्र काढताना कोपरावर कोपर आपटायचं. रेघ बिघडायची. जागा बदलू या, असं पद्माकरने कितीदा सुचवलं होतं. तात्यासाहेब ऐकायचे नाहीत. "आपटू दे रे. शेजारी कुणीतरी बसलंय, हे कळतं तेवढ्यानं." ही गोष्ट डोळ्यांनी लक्षात ठेवलेली नव्हती. ती त्याच्या हाडाला ठाऊक होती. ते कोपर तो खरोखरच चोळत बसला, आणि त्याला एकदम फार एकटं वाटलं. खरे तात्यासाहेब आता सबंध बडोद्यात त्याच्या एकट्यापाशी उरले होते. आणि ज्या बाईला त्यांचा चेहरा आणून द्यायचा शब्द दिला, तिच्या घरात त्याने भलताच चेहरा नेऊन ठेवला होता.

६

छापखान्यात जेठाभाईने दगड अजून न घासता बाजूला ठेवलेला होता. "पद्माकरभाई, आ हजी घस्यो नथी," तो म्हणाला. "ठेवू का पुसू?"

"पूस," पद्माकर म्हणाला. जेठाभाईने पाणी आणि वाळू टाकून दगड घासला. चित्र हळूहळू फिकं होत गेलं. भुवई सगळ्यात शेवटी गेली.

या वेळी पद्माकरने आरसा लख्ख पुसून समोर ठेवला. डोकं फुगवलं नाही, पाय आखूड केले नाहीत. टवाळीचा मोह आवरून जसा होता तसा माणूस काढला. उलटा काढला, दर रेघेला आरशात बघितला. हात पुन्हा पुन्हा दुसरीकडे वळू बघत होता. दोनदा त्याने पांढरी भुवई भलत्या बाजूला धरली आणि खरवडून काढली. एकदा तर डोळे मिटून, कोपर टेबलाच्या कडेवर आपटून घेतलं, तेव्हा कुठे बाजू आठवली.

जेठाभाईने एकच कागद काढून दिला. डावी भुवई पांढरी, डाव्या हातात पेन्सिल. पद्माकरला भरून आलं. "आलात," तो कागदाला म्हणाला. मग शाई वाळायचीही वाट न बघता तो दांडिया बाजाराकडे निघाला. रविवार नव्हता. चिवडा घ्यायचं त्याला सुचलंही नाही.

७

माडीचा जिना चढतानाच त्याला तो आवाज ऐकू आला. खरखर, खरखर, मग जरा थांबून पुन्हा खरखर. जाड कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज. त्या घरात तो आवाज इतका नेहमीचा होता की त्याने अर्धा जिना ओलांडला, आणि मग त्याच्या लक्षात आलं.

काकू शेगडीशी होत्या. दुपारचं ऊन खिडकीतून बाकावर पडलं होतं. "हळू बोल," त्या आनंदाने म्हणाल्या. "आत बसलेत. अंक आला त्या दिवसापासून बसतात. आधी मलाच भास वाटला."

पद्माकरने कागद काकूंच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरला. त्यांचं हसू हळूहळू मावळलं.

"हे कोण?"

"काकू, तात्यासाहेब. खरे. नीट बघा."

काकूंनी नीट बघितलं. खूप वेळ बघितलं. पद्माकर त्यांच्या तोंडाकडे आशेने बघत होता. एकदा त्यांच्या कपाळाची शीर हलली, ओठ उघडले, आणि मग त्यांनी कागद दूर धरला. "नाही रे बाबा. मला भीती वाटते याच्याकडे बघून. असा माणूस मी कधी बघितलेला नाही. भलत्याच कुणाला तरी तू त्यांची पगडी घातलीस."

पद्माकरला रडू फुटायचं बाकी राहिलं. ज्या माणसाने त्या बाईबरोबर सगळा जन्म काढला, त्याला तीच दारातून परत पाठवत होती. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, सावलीची शाळा, बांधलेला हात, कोपर, सगळं. तेवढ्यात त्याची नजर आत गेली.

आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. फटीतून पाठमोरी खुर्ची दिसत होती. खुर्चीच्या पाठीच्या वर पगडी दिसत होती, आणि पगडीखाली डोकं, खुर्चीच्या पाठीहून दोन्ही बाजूंना रुंद. उजव्या बाजूला एक बारीकसं कोपर पुढेमागे हलत होतं. खाली, खुर्चीच्या पायांमधून, जमिनीपासून बऱ्याच वर, चोचीचे जोडे घातलेले दोन इवलेसे पाय मजेत झुलत होते.

त्याने नजर काढून घेतली. समोर काकू होत्या. गालांवर जरा मांस चढलं होतं. शेजारच्या ताटलीत उष्टं होतं, म्हणजे त्या जेवल्या होत्या. महिन्यापूर्वी याच ठिकाणी चहा निवू देत भिंतीकडे बघणारी बाई त्याला आठवली. तिला द्यायला त्याच्याजवळ काय होतं? एक कागद. तोही तिला ओळखू न येणारा.

"चुकलं माझं, काकू," तो म्हणाला. त्याने कागदाची घडी केली आणि शेगडीत सारली. ओल्या शाईने चटकन पेट घेतला. डावी बाजू आधी काळी झाली.

आतली खरखर थांबली.

"अहो, ऐकलंत का?" काकूंनी आनंदाने हाक मारली. "पद्माकर आलाय!"

खुर्ची करकरली. मग दोन्ही पायांनी उडी टाकल्याचा आवाज आला, उंचावरून खाली उतरणाऱ्याचा. मग पावलं निघाली, लहान, भराभर पडणारी. वर काहीतरी जड तोलत, दाराच्या चौकटीला घासत ती पावलं येत होती. काकू तिसरा कप भरत होत्या.

पद्माकरने डोळे गच्च मिटून घेतले. दार उघडायच्या आत एकदा खरा चेहरा बघून घ्यायचा, आणि तो धरून ठेवायचा. माडी आठवली, ऊन आठवलं, तोंडात चिवड्याचा बकाणा आठवला. "काय रे पद्म्या," म्हणत तात्यासाहेब त्याच्याकडे वळले. उजवी भुवई पांढरी होती. त्याने पुन्हा पहिल्यापासून आठवलं. उजवी होती. त्याने कोपर हाताने दाबून धरलं, पण ते नुसतं कोपर होतं, त्यात दुसरं काही नव्हतं.

दार कुरकुरलं. जवळच, त्याच्या गुडघ्याच्या उंचीवर, कुणीतरी धापा टाकत उभं होतं, आणि त्या श्वासाला चिवड्यातल्या बडीशेपेचा वास येत होता.

आता डोळे मिटून ठेवण्यात काही अर्थ नव्हता. जे जपायचं ते गेलं होतं. आणि खरं सांगायचं तर, भाद्रपदापासून त्याला त्यांची फार आठवण येत होती. पद्माकरने डोळे उघडले.